आधी शीचं बघू, शूचं नंतर

काकू, माझा मुलगा सोनू २ वर्षं ७ महिन्यांचा आहे. जूनमध्ये त्याला नर्सरीत घालायचंय आणि शाळेने प्रवेशाच्या वेळीच सांगितलं की डायपर चालणार नाही. म्हणून गेल्या महिन्यात आम्ही डायपर एकदम बंद केला. तेव्हापासून घराची मोरी झाली आहे. मी दर पंधरा मिनिटांनी ‘शू आली का?’ विचारते, तो ‘नाही’ म्हणतो आणि दोन मिनिटांत सोफ्याजवळ उभ्या उभ्या करतो. मी नोकरीला जाते, दिवसभर तो सासूबाईंकडे असतो. त्या म्हणतात, आमची मुलं वर्षाची असताना सांगायची, तुमचंच काहीतरी चुकतंय. त्यांच्या सांगण्यावरून संध्याकाळी सहानंतर पाणीही कमी केलं, फरक नाही. परवा नवऱ्याने वैतागून दोन धपाटे घातले, तेव्हापासून सोनू बाथरूमच्या दाराशीसुद्धा येत नाही. शीसाठी मात्र तो डायपर मागतो. दिला नाही तर तीन-तीन दिवस करत नाही, पडद्यामागे जाऊन लाल होईपर्यंत कुंथतो. आम्ही काय करावं?
– एक आई, ठाणे

सोनूच्या आईला,

तुझं पत्र इथे बरंच छोटं करून दिलंय. मूळ पत्रात सोफ्याचा, गादीचा आणि दोनदा धुवायला टाकलेल्या सतरंजीचा मोठा पाढा आहे, आणि शीचा विषय तू शेवटी, जाता जाता आल्यासारखा दोन ओळींत उरकला आहेस. मी मात्र त्या दोन ओळींपाशीच थांबले. तुमची सगळी धावपळ शूसाठी चालली आहे आणि घोडं अडलंय ते शीपाशी.

पाळणाघर चालवताना पडद्यामागची ही मुलं मी पुष्कळ पाहिली. पुढच्या वेळी सोनू तिथे जाईल तेव्हा त्याच्याशी न बोलता, लांबून नीट बघ. टाचा उचललेल्या असतील. एक पाय दुसऱ्यावर घट्ट आवळलेला. ढुंगण ताठ, एका मुठीत पडदा, चेहरा लालबुंद. कोणी जवळ गेलं की ‘जा तू!’ शी बाहेर काढायला जोर लावणारं मूल गुडघ्यात वाकतं, उकिडवं बसायला बघतं. हा ताठ उभा राहतो, कारण तो कुंथत नाहीये, आलेली शी आत धरून ठेवायला सगळा जोर लावतोय. बघणाऱ्याला दोन्हींतला फरक चटकन दिसत नाही, म्हणून घरोघरी ‘बिचारा किती कुंथतो’ असं म्हटलं जातं.

हे सुरू कसं होतं? बहुतेक वेळा एखाददा शी कडक होते आणि दुखतं. मुलाच्या डोक्यात पक्कं बसतं की हे काम दुखणारं आहे. मग तो ते पुढे ढकलतो. शी आत राहिली की आतडं तिच्यातलं पाणी शोषत राहतं, ती आणखी घट्ट होते, मग खडा होतो, आणि पुढच्या वेळी आणखी दुखतं. भीती खरी ठरते. त्यात तुम्ही त्याच सुमारास त्याचा डायपर काढून घेतलात, आणि वर धपाटे. त्याच्या बाजूने पाहिलं तर बाथरूमजवळ काही चांगलं घडल्याची एकही आठवण त्याच्याकडे नाही.

आता शूचा याच्याशी काय संबंध, असं तू म्हणशील. आहे, आणि चांगला घट्ट आहे. मोठ्या आतड्याचं शेवटचं टोक शीने भरून फुगलं की ते पुढच्या मूत्राशयावर दाबतं. या वयाच्या मुलाच्या मूत्राशयात मावतं साधारण १०० मिलिलिटर, आपल्या चहाच्या छोट्या कपाएवढं. त्यात मागून दाब. मग सूचना न देताच घाई होते आणि मोरीपर्यंत पोचायला वेळच उरत नाही. म्हणजे तू विचारतेस तेव्हा तो ‘नाही’ म्हणतो ते खोटं नसतं. त्या क्षणी त्याला खरंच आलेली नसते. दोन मिनिटांनी येते आणि त्याच मिनिटाला होते. पोट मोकळं व्हायला लागलं की निम्मा सोफा आपोआप वाचतो, हे मी अनेक घरांत होताना पाहिलं आहे.

तेव्हा उद्यापासून पहिली गोष्ट ही, की तो शीसाठी डायपर मागेल तेव्हा मुकाट्याने द्यायचा. तोंड वाकडं करून नाही, ‘शेवटचा हं’ असं म्हणूनही नाही. इतकी मेहनत केली आणि आता पुन्हा मागे जायचं का, असं वाटेल. अगं, मुलगा डायपर स्वतः मागतो म्हणजे त्याला शी आल्याचं कळतं, ती थोपवता येते, आणि तोंडाने सांगताही येतं. या कामातलं सगळ्यात अवघड ते त्याला आधीच येतंय. राहिली ती फक्त जागा.

दुसरी गोष्ट पाणी. सहानंतरची पाणीबंदी आजच उठव. पाणी कमी पडलं की शी आणखी घट्ट होते, लघवीही गडद आणि तिखट होते आणि मूत्राशयाला त्रास देते. दूध किती पितो ते तू लिहिलेलं नाहीस, पण तीन वेळा मोठा पेला भरून पीत असेल तर तेही बघ. या वयाला दिवसाला ४००-५०० मिलिलिटर पुष्कळ झालं. दुधाने पोट भरलेलं मूल पोळी-भाजी खात नाही, आणि चोथ्याशिवाय पोट साफ होत नाही. पपई, पेर, चिकू, रात्री भिजवलेले काळे मनुके कुस्करून, वरणात कालवलेली पालेभाजी, यातलं जे त्याच्या घशाखाली उतरेल ते. बिस्किटं आणि मैद्याचा खाऊ थोडे दिवस डब्यातच राहू दे. दिसला नाही की मागत नाही.

तीन-तीन दिवसांचा प्रकार महिनाभर चालू आहे, तेव्हा निव्वळ मनुक्यांवर विसंबू नकोस, बालरोगतज्ज्ञांकडे जाऊन ये. ते बहुधा लॅक्टुलोजचं पातळ औषध किंवा पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर देतील. ही औषधं शीत पाणी धरून ठेवतात आणि ती मऊ करतात. ‘सवय लागेल’ या भीतीने लोक आठवड्यात बंद करतात आणि मग सगळं पहिल्यापासून सुरू. ताणलेलं आतडं पूर्ववत व्हायला काही आठवडे, कधी काही महिनेही लागतात. मात्रा डॉक्टर सांगतील तशी आणि थांबवायची तीही त्यांच्या सांगण्यावरूनच. त्यांना हे जरूर सांग की शी कशी असते, रक्ताची रेघ दिसते का, पोट फुगतं का, लघवीला जळजळ किंवा ताप असतो का. आणि चड्डीला सारखे पातळ डाग दिसत असतील तर त्याला जुलाब समजू नका. आत खडा अडकलेला असतो आणि त्याच्या कडेने पातळ शी झिरपते. अशा वेळी जुलाब थांबवायचं औषध दिलं तर उलटाच घोटाळा होतो.

एका गोष्टीबद्दल स्पष्टच लिहिते. पत्रात तू पुसटसा उल्लेख केला आहेस की सासूबाई एरंडेल लावलेला विड्याच्या पानाचा देठ वापरून बघू म्हणतात. साबणाची कांडी हा त्याचाच भाऊ. जुन्या घरांत हे सर्रास व्हायचं, मला माहीत आहे. पण ज्या मुलाने भीतीने ढुंगण आवळून धरलंय त्याच्यावर मागून काहीही प्रयोग करायचा नाही. भीती दुप्पट होते, आणि आतली नाजूक त्वचा दुखावते ते वेगळंच.

शी मऊ व्हायला लागली, म्हणजे सलग आठ-दहा दिवस न रडता होते आहे असं दिसलं, की जागा बदलायला घ्यायची. घाईने नाही. आधी डायपर घालूनच, पण पडद्यामागे जायचं त्याऐवजी बाथरूममध्ये उभं राहून. दार उघडं. तू किंवा आजी बाहेर पाटावर बसलेल्या. हे अंगवळणी पडलं की डायपरसकट पॉटीवर बसून. मग डायपर सैल सोडून. मग पॉटीत नुसता अंथरून. एकेका पायरीवर तो आठवडाभर रेंगाळला तरी रेंगाळू दे. कुठे अडला तर एक पायरी खाली ये आणि त्याबद्दल अवाक्षर काढू नकोस.

पॉटी जमिनीवर ठेवायची प्लास्टिकची घे, साधी. गाणी म्हणणारी, दिवे लागणारी नको. मुलं तिच्याशी खेळत बसतात आणि काम राहून जातं. पाय जमिनीला टेकले पाहिजेत आणि गुडघे कमरेहून थोडे वर आले पाहिजेत. आपण उकिडवे बसतो त्यामागेही हेच आहे, त्या बैठकीत आतड्याची वाट सरळ होते. कमोडवर छोटी सीट लावून बसवलंत तर पाय लोंबकळतात आणि जोर लावायला आधार मिळत नाही, म्हणून पायाखाली पाट किंवा स्टूल हवंच. भारतीय पद्धतीच्या संडासात या वयाची मुलं घाबरतात आणि त्यांचं बरोबर आहे, ते भोक त्यांच्यासाठी खरंच मोठं असतं. पॉटी नको म्हणाला तर बाथरूमच्या फरशीवर वर्तमानपत्राचा कागद घाल. कित्येक पिढ्या त्यावर निभावल्या आहेत. आणि फ्लश त्याच्यासमोर ओढू नका. तो आवाज, आणि आपल्या अंगातून निघालेली वस्तू गडप होणं, हे दोन्ही काही मुलांना धडकी भरवतं. त्याला स्वतःला ‘टाटा’ करून ओढायचा असेल तर गोष्ट वेगळी.

वेळ साधायची ती खाण्यानंतर. पोटात अन्न पडलं की मोठं आतडं हलायला लागतं, आणि सकाळच्या दुधा-नाश्त्यानंतर सगळ्यात जास्त. वीस-पंचवीस मिनिटांनी बसवायचं, पाच मिनिटं, हातात एखादं चित्रांचं पुस्तक. झाली तर झाली. मोबाईल देऊ नका. त्यात मूल असं बुडतं की शी आलेली कळतच नाही, आणि पुढे मोबाईलशिवाय बसत नाही ही नवी कटकट.

शूबद्दल आता थोडक्यात, कारण त्यात फार काही शिल्लक उरणार नाही. दर पंधरा मिनिटांनी विचारणं बंद कर. विचारलं की ‘नाही’ येणारच, या वयात ‘नाही’ हा त्यांचा आवडता शब्द असतो. विचारण्याऐवजी दिवसातल्या बदलांना शू बांधून टाक. झोपेतून उठलं की, जेवायच्या आधी, बाहेर पडताना, आंघोळीच्या वेळी. ‘चल, शू करून मग वरणभात.’ दीड-दोन तासांनी एकदा होतं, तेवढं पुरतं. बाथरूमचं दार त्याला नकोसं झालंय, तर आंघोळीपासूनच सुरुवात कर. अंगावर कोमट पाणी पडलं की शू होतेच, तेव्हा हळूच म्हण, ‘बघ, शू मोरीत गेली.’ बस, तेवढंच. पॅन्ट इलास्टिकची घाल, एका हाताने खाली ओढता येईल अशी. बटणाची जीन्स, डांगरी असले थाटमाट थोडे दिवस कपाटात.

झाली चुकून जमिनीवर, तर ‘शू झाली. चल, पुसू या,’ आणि एक फडकं त्याच्याही हातात. शिक्षा म्हणून नव्हे, घरातलं काम म्हणून. ‘शेम शेम’ हे दोन शब्द तुमच्या घरातून हद्दपार करा, शेजारच्या ताईनेही म्हणायचे नाहीत. मावसभाऊ कसा सांगतो, बाळ आहेस का तू, बुवा घेऊन जाईल, हे सगळं त्याच पोत्यात भर.

कौतुक करायचं, पण वाजतगाजत नाही. मोठ्यांनी टाळ्या पिटल्या की मुलाला ओझं होतं, पुढच्या वेळी जमलं नाही तर काय ही धास्ती. ‘चड्डी कोरडी राहिली की रे तुझी!’ एवढं पुरे. काहीतरी दिसणारं हवं असेल तर स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर, जिथे दुधाच्या खाड्यांच्या खुणा करता तिथे, त्या दिवसाच्या चौकोनात त्याला एक टिकली चिकटवू दे. तुझ्या टिकल्यांच्या पाकिटातली, रंग त्याने निवडायचा. टिकली पॉटीवर बसल्याबद्दल, झाली-न झाली याच्याशी तिचा संबंध नाही. आणि एकदा लावलेली टिकली पुढच्या चुकीसाठी काढून घ्यायची नाही. चॉकलेटच्या वाटेला जाऊ नकोस. आमच्या पाळणाघरातल्या एका पठ्ठ्याला घरी दर शूला एक गोळी मिळायची, तर त्याने शू हप्त्याहप्त्याने करायला सुरुवात केली होती.

आता सासूबाई. त्यांना खोटं पाडायला जाऊ नकोस, कारण त्या खोटं बोलत नाहीत. त्यांच्या वेळी लंगोट होते. ओला लंगोट मुलाला लगेच टोचतो, आणि आईला तो धुवावा लागतो म्हणून आईही सावध. सहा महिन्यांच्या बाळाला दोन्ही पायांवर बसवून ‘शूऽऽ’ करायचं, की व्हायची. वेळ ओळखायची ती आई, आणि त्या आवाजाला बाळ सरावायचं. पूर्व आफ्रिकेतल्या डिगो समाजातल्या आया असंच करतात, आणि त्यांची बाळं पाच-सहा महिन्यांत इशाऱ्यावर शू करतात, अशी नोंद १९७७ साली वैद्यकीय नियतकालिकात छापून आली आहे. डायपरमध्ये वाढलेल्या मुलाला ओलं लागतच नाही, तेव्हा त्याचा हिशेब वेगळा. अमेरिकेत ब्रेझल्टन नावाच्या बालरोगतज्ज्ञांनी १९६२ साली १,१७० मुलांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या होत्या. मुलाची तयारी बघून, जबरदस्ती न करता शिकवलेली ती मुलं सरासरी साडेअठ्ठावीस महिन्यांची होताना दिवसा कोरडी राहू लागली. सरासरी म्हटलं की कितीतरी मुलं त्यापुढेही गेली असणार. सोनू आत्ता ३१ महिन्यांचा आहे. उशीर बिशीर काही झालेला नाही.

सासूबाईंना हे आकडे ऐकवू नकोस, त्याने घरात शांतता नांदत नाही. त्यांना काम सोपव. दिवसभर सोनूला बघणाऱ्या त्याच. त्यामुळे तो कधी गप्प होतो, कधी कोपरा गाठतो, नाश्त्यानंतर किती वेळाने पडद्याकडे वळतो हे त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नाही. ‘आई, त्याची वेळ तुम्हालाच बरोबर कळते, तेवढं आठ दिवस लक्षात ठेवाल का?’ असं विचारून बघ. पाणी आणि देठ या दोन बाबतींत मात्र डॉक्टरांनी सांगितलंय असं सांग, आणि जमलं तर डॉक्टरांकडे त्यांनाच सोबत ने.

आणि नवरा. त्याला हे पत्र वाचायला दे. धपाट्याने मूल एवढंच शिकतं की शू बाबांसमोर करायची नाही. मग ते सोफ्यामागे करायला लागतं, आणि शी तर करतच नाही. या घरात या विषयावर हात उचलला जाणार नाही, हे दोघांनी ठरवून टाका. पण त्याच्याशिवाय चालणारही नाही. मुलगे बापाचं बघून शिकतात. सकाळी बाबा बाथरूमला जाताना ‘येतोस का रे?’ म्हणून सहज हाक मारायची, आला तर ठीक, नाही आला तरी ठीक. रागावलेल्या माणसाकडेच हे काम दिलं की त्याचाही राग उतरतो.

राहिली शाळा. बाईंना आधीच गाठून खरं सांग, की दिवसाची शू जमत आली आहे, शीवर औषध चालू आहे, आणि त्याला घाई झाली की तो असा असा ताठ उभा राहतो. पिशवीत दोन जादा चड्ड्या, एक पॅन्ट, एक प्लास्टिकची पिशवी. मुलांना ठरावीक वेळी रांगेने बाथरूमला नेतात का, दार लागतं का, सोबत कोण असतं, हे विचारून घे आणि मेमध्ये एकदा सोनूला ते बाथरूम दाखवून आण. घरचं सोडून दुसरीकडे न जाणारी मुलं खूप असतात. तीन वर्षंही पूर्ण न झालेल्या मुलाने एकदा चड्डी ओली केली म्हणून घरी पाठवणारी शाळा असेल, तर मी तुझ्या जागी असते तर मुलाआधी शाळेचाच पुनर्विचार केला असता. जूनच्या ऐवजी दिवाळीनंतर गेला तरी त्याचं काही बिघडत नाही.

वेळ मात्र तू चांगली गाठली आहेस. एप्रिल-मे या कामाला बरे. मूल नुसत्या चड्डीवर फिरू शकतं आणि धुतलेलं तासाभरात वाळतं. पाऊस सुरू झाला की दांडीवरच्या चड्ड्या चार दिवस ओल्याच, आणि त्याचा वैताग शेवटी मुलावर निघतो.

शाळा सुरू झाल्यावर पहिल्या पंधरवड्यात, किंवा पुढे कधी पाहुणे आले, आजारपण आलं, घर बदललं की जमलेलं पुन्हा बिनसेल. बिनसू दे. पाणी, फळं, नाश्त्यानंतरची पाच मिनिटं एवढं चालू ठेवलंस की येईल रुळावर. पण महिनोन्महिने कोरडा राहिलेला मुलगा अचानक खूप पाणी प्यायला लागला, सारखा शूला जायला लागला आणि वजन उतरलं, तर वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांकडे ने.

काकू

ता. क. रात्रीबद्दल तू विचारलेलं नाहीस, पण विचारशील. रात्रीचा डायपर आत्ता काढू नकोस. झोपेत लघवी कमी बनवणारं संप्रेरक शरीरात पुरेसं तयार व्हायला वेळ लागतो, त्यात शिकवण्यासारखं काही नाही, आणि पाच वर्षांपर्यंत गादी ओली होणं डॉक्टरही दोष मानत नाहीत. सकाळी डायपर बरेच दिवस कोरडा निघायला लागला की काढ. तोवर आणि त्यानंतरही काही महिने चादरीखाली मेणकापड असू दे, आणि झोपायच्या आधी एकदा शू.